उभ्यानं चाखलेलं

थोरल्यानं हल्ली जेवणाच्या टेबलावर साधूचं सोंग घेतलं होतं, आणि त्याच्या आईला, मुकादमबाईंना, त्या सोंगाचीच सगळ्यात जास्त चीड येत होती. त्याच्या ताटात कोबी, घेवड्याच्या शेंगा आणि उकडलेलं अंडं. तळलेल्या बटाट्यांची थाळी समोरून फिरली की हा मान वळवायचा, डोळे मिटायचा आणि थाळी पुढे सरकली की असा सुस्कारा सोडायचा की बाकीच्यांच्या घशात घास अडकावा. सगळं घर बटाट्यावर वाढलेलं. खाली तळलेल्या बटाट्यांचं दुकान, वर बिऱ्हाड. आणि त्या घरात थोरला मुलगा बटाट्याकडे असा बघत होता की जणू बटाट्यानंच त्याला घराबाहेर काढलंय.

"खायचं नसेल तर नको खाऊ," त्या एकदा म्हणाल्या होत्या, "पण तोंड असं करून बसू नकोस. कोण गेलंय?"

बरं, एवढं सोंग करून साखर तरी उतरावी? तीही नाही. "तळलेलं मी तोंडालाही लावत नाही," असं तो डॉक्टरांना छातीवर हात ठेवून सांगायचा, आणि तो खोटं बोलत नव्हता हे मुकादमबाईंना पक्कं ठाऊक होतं. खोटं बोलला की त्याचा उजवा कान लाल व्हायचा. शाळेत पाटी फोडली होती तेव्हापासूनची खूण ती. कान काही लाल होत नव्हता. मग डॉक्टरांनी गोळी वाढवली. तरी साखर हटेना, म्हणून दुसरी जोडली. आणि आता त्यावर हे नवीनच. दुकान उघडं असलं की थोरला टुणटुणीत, दुकान बंद असलं की गळपटलेला. गेल्या सुट्टीच्या दिवशी तो जिन्यात मधेच बसला. अंगाला दरदरून घाम, हात लटपटत होते. त्याआधीच्या सुट्टीला तर मोजे घालता घालता तसाच पलंगावर आडवा झाला होता.

"जीव अडकलाय त्यांचा त्या कढईत," थोरली सून म्हणाली होती. "कढई थंड झाली की हे थंड."

ऐकायला गोड होतं ते. मुकादमबाईंना गोड बोलण्याचा भरवसा कधीच वाटला नव्हता.

आज पुन्हा सुट्टी होती, आणि थोरल्याचं काय करायचं ते ठरवायला सगळे जमले होते. सुट्टीच्या दुपारी ते घर नेहमीच जागेवरून सुटल्यासारखं वाटायचं. बाकीचे दिवस खालून तेलाचा आवाज येत राहायचा, एकसारखा, दूर कुठे तरी पाणी वाहत असावं तसा. त्या आवाजावर मुलं झोपली, जागी झाली, मोठी झाली. तो थांबला की घर तरंगायला लागायचं. इतक्या वर्षांच्या वाफेनं वरच्या खोलीचं छत मधाच्या रंगाचं झालं होतं, आणि खिडकीतून ऊन आलं की त्या छताखाली बसलेली माणसं मधात बुडाल्यासारखी दिसायची. हळू हलायची, हळू बोलायची.

धाकटा मात्र हळू बोलणाऱ्यातला नव्हता. त्यानं मोबाइलवरचं चित्र सगळ्यांसमोर फिरवलं. "हे बघा मशीन. बटण दाबलं की टोपली खाली, वेळ झाली की टोपली वर. दादानं समोर उभं राहायची गरजच नाही."

"मग समोर कोण उभं राहणार?" मुकादमबाईंनी विचारलं.

"कुणीच नाही."

"मग गिऱ्हाईक कुणाशी बोलणार? टोपलीशी?"

आईला मुकादमबाई हे नाव धाकट्यानंच लहानपणी ठेवलं होतं, एकदा मार खाल्ल्यावर. पुढे घराला, गल्लीला आणि शेवटी त्यांनाही ते पटलं. त्यामुळे त्यांच्याशी वाद कुठपर्यंत घालायचा, हे त्याला इतरांपेक्षा बरं कळायचं. त्यानं मोबाइल खिशात टाकला आणि वहिनीकडे पाहिलं.

थोरली सून लगेच सरसावली. एरवी या दोघांचं पाणी एका भांड्यात राहत नसे. गल्ल्यावर ती बसायची, माल पोचवायचं काम त्याच्याकडे, आणि उशीर कुणामुळे झाला यावर रोज एक खटका उडायचा. आज मात्र दोघं एका बाजूला. "भाऊजी बरोबर बोलतायत, आई. मशीन आणा नाही तर दुसरा माणूस ठेवा, पण ह्यांना कढईवरून उतरवा. मला दुकान नकोय. मला हे हवेत."

"मी कुठे चाललोय?" थोरला म्हणाला. तो खिडकीपाशी आरामखुर्चीत होता. त्याच खुर्चीत.

 मुकादमबाईंचे यजमान शेवटी शेवटी तिथेच असायचे. साखरेनं त्यांचा एक पाय नेला होता. मग ते दिवसभर खिडकीशी बसून खालचा आवाज ऐकायचे आणि मधूनच विचारायचे, "आता कसा रंग आलाय गं?" त्या जिन्यावरून ओरडून सांगायच्या, "पिवळा!" थोड्या वेळानं, "आता?" "सोनेरी!" आणि ते डोळे मिटून हसायचे. त्यांनीही कधी ताटात बटाटा घेतला नव्हता. आजार कळल्यापासून एकदाही नाही.

"कढई सोडली तर मी करू काय?" थोरला विचारत होता. आवाज मऊ होता, झोपेतल्यासारखा. "सोळाव्या वर्षापासून तिथं उभा आहे. मला दुसरं काय येतं, सांगा? सकाळी उठून जायचं कुठं?"

"फिरायला जा," धाकटा म्हणाला.

"तू जा," मुकादमबाई म्हणाल्या.

तेवढ्यात मधली आली. ती त्यांची मुलगी, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि औषधांच्या दुकानात कामाला होती. पर्समध्ये साखर मोजायचं यंत्र. तिनं आल्या आल्या दादाच्या तोंडाकडे पाहिलं आणि पर्स न ठेवताच त्याच्याजवळ गेली. "दादा, घाम का आलाय तुला?"

कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. बोलता बोलता त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. ओठ पांढरे. मधलीनं बोटाला सुई टोचली, यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाली, "वहिनी, साखरेचं पाणी. धावत."

"साखरेचं?" थोरली किंचाळली. "अगं, साखरेचाच तर आजार आहे!"

"खाली गेलीये साखर. खूप खाली. आण गं लवकर!"

थोरली धावली. धाकटाही मागून धावला आणि दोघांची दारात टक्कर झाली. पाणी आलं, थोरला पेला दोन्ही हातांनी धरून ते प्यायला. थोड्या वेळानं त्याच्या गालावर रंग आला, तेव्हा मधलीनं पुन्हा मोजलं आणि श्वास सोडला. "येतेय वर. पडून राहा जरा."

मग ती जमिनीवर बसली आणि यंत्र हातात घेऊन विचार करत राहिली. "हे काय कोडं आहे कळत नाही मला. कामाच्या दिवशी मोजली की आकाशाला भिडलेली. सुट्टीच्या दिवशी पायाशी. गोळ्या त्याच. म्हणजे सुट्टीला त्या गोळ्या जड होतात. पण का? तो खातो तर रोज सारखंच."

"सारखंच," थोरली म्हणाली. "मी वाढते ना. कोबीचं पान इकडचं तिकडे नाही."

"बघ ना. मग बदलतं काय?"

"कढई," धाकटा म्हणाला. "मी मघापासून काय सांगतोय!"

पुन्हा तिघं बोलायला लागले. धूर लागत असेल, उष्णता लागत असेल, उभं राहून थकत असेल.  मुकादमबाई खुर्चीकडे बघत होत्या.

थोरल्याला डुलकी लागली होती. ऊन त्याच्या गुडघ्यांवर आलं होतं. झोपेत त्याचा उजवा हात हळूहळू हलत होता, गोल, पुढून मागे, जसा तेलात झारा फिरतो. मग तो हात वर उचलला गेला, थबकला. आणि डाव्या हाताची दोन बोटं पुढे आली, हवेतून काहीतरी अलगद उचललं, ओठांशी नेलं. थोरला झोपेत चावत होता. मग पुन्हा उजवा हात, गोल, पुढून मागे. पुन्हा दोन बोटं.

मुकादमबाईंनी ते कितीतरी वेळ पाहिलं. छतावरचा मध डोळ्यांत उतरल्यासारखं झालं. मग त्या उठल्या.

"कढई पेटवा," त्या म्हणाल्या.

"आज?" धाकट्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. सुट्टीच्या दिवशी त्या दुकानात बर्नर कधी पेटला नव्हता. वडील गेले त्या आठवड्यात दुकान एक दिवसच बंद होतं, आणि सुट्टीला मात्र कधीच उघडं नव्हतं.

"आजच. एक घाणा. तू थंड खोलीतून कालची परात आण. आणि कुणी तोंड उघडलं तर मी त्याचं मशीन करीन."

मधली उठली. "आई, दादा आत्ता कुठे सावरतोय."

"त्याला उभं राहता येतंय का, तेवढं बघ."

यंत्रानं हो म्हटलं, थोरल्यानंही हो म्हटलं. कढईचं नाव ऐकताच तो जागा झाला होता, आणि जिना उतरताना त्याच्या पावलांतली मघाची सगळी मरगळ कुठे गेली कुणास ठाऊक.

खाली शटर अर्धं ओढलेलं होतं. रस्त्यावरचं ऊन फटीतून लादीवर आडवं पडलं होतं. धाकट्यानं परात आणली. त्या दुकानाची रीत होती: बटाटे आदल्या संध्याकाळी उकडायचे, सोलून फोडी करायच्या आणि रात्रभर गार ठेवायच्या. गरम फोड तेलात सोडली की ती तेल पिते आणि मऊ पडते. गारठलेली फोड बाहेरून कुरकुरीत होते आणि आत ढगासारखी राहते. त्या फोडी आता परातीत मंद पिवळ्या दिसत होत्या, झोपलेल्यासारख्या.

तेल तापलं. थोरल्यानं पहिली मूठ सोडली आणि तो आवाज आला. सगळ्यांचे खांदे नकळत सैल झाले. घर पुन्हा जागेवर आलं.

मुकादमबाईंनी आपलं स्टूल त्याच्या पाठीमागे ओढलं. मांडीवर एक पांढरी ताटली घेतली, शेजारी पहिल्या निथळलेल्या फोडींचं भांडं. बाकीचे तिघं जिन्याच्या पायऱ्यांवर उभे.

थोरला तळत होता. झारा गोल फिरत होता, तेलावर बुडबुड्यांची जाळी पसरत होती, आकसत होती. वाफेत त्याचा चेहरा कोवळा दिसायला लागला, सोळा वर्षांचा. त्यानं झारा उचलला, फोडी निथळल्या, आणि डाव्या हाताची दोन बोटं पुढे आली. एक फोड उचलली गेली, तोंडात गेली. त्याला पत्ता नव्हता. तो तेलाकडे बघत होता.

मुकादमबाईंनी भांड्यातून तेवढीच एक फोड घेतली आणि ताटलीत ठेवली.

पुन्हा झारा. पुन्हा दोन बोटं. कधी एक, कधी मोडलेले दोन तुकडे एकदम, कधी काठाशी अडकलेली करपट फोड, गिऱ्हाईकाला देता येत नाही म्हणून. दर वेळी ताटलीत तितकंच. थोरली सून सुरुवातीला गालातल्या गालात हसत होती. मग हसायची थांबली. मग तिनं पदर तोंडाला लावला. धाकट्यानं मधलीच्या कानात काही तरी म्हटलं आणि मधलीनं त्याचा हात घट्ट धरला. घाणा संपला तेव्हा फोडी ताटलीच्या काठावरून खाली घसरत होत्या.

"झालं," थोरला म्हणाला आणि वळला. "काय बघायचं होतं तुम्हाला?" मग त्याला ताटली दिसली. "हे कुणासाठी वाढलंय?"

"तुझं आहे."

"मला कशाला? मी तळलेलं खात नाही."

"वाढलेलं नाही ते. खाल्लेलं आहे. आत्ता, इथं, उभ्या उभ्या."

तो हसला. मग त्यानं बायकोच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि हसू विरलं. "खाल्लं कुठे? मी फक्त..." तो थांबला. आपल्या डाव्या हाताच्या दोन बोटांकडे पाहू लागला. बोटं तेलानं चमकत होती. "चाखलं."

कान लाल झाला नव्हता. होणार कसा? त्या घरात हे सगळ्यांनाच शिकवलेलं होतं: कढईपाशी उभ्यानं तोंडात टाकलेलं ते चाखणं, खाणं नव्हे. ते कुणी धरत नसे. मुकादमबाई नवी सून म्हणून आल्या तेव्हा त्यांना ते त्यांच्या सासूनं शिकवलं होतं. दिवस ओढाताणीचे होते, तळलेला माल गिऱ्हाइकासाठी, घरच्यांना त्यातलं काही नाही. पण नवी मुलगी भुकेनं कढईकडे बघते आहे, हे सासूनं पाहिलं. वाफेआडून एक गरम फोड तिच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "घे गं. हे काही खाणं नव्हे." त्या फोडीची ऊब मुकादमबाईंना अजून तळहातावर जाणवायची. कुणी इतक्या मायेनं त्यांना त्याआधी काही दिलं नव्हतं. नंतरही फारसं नाही.

"एका घाण्याचं एवढं," मधली हळूच म्हणाली. "दादा, दिवसभर किती घाणे काढतोस? रक्ताला कळत नाही रे, तू उभा होतास की बसलेला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या त्या या साखरेवर. सुट्टीला कढई बंद, म्हणजे हे बंद, आणि गोळ्या मात्र तेवढ्याच. म्हणून कोसळतोस तू."

थोरला पिठाच्या पोत्यावर बसला. "बाबाही," तो म्हणाला. "बाबाही चाखायचे."

 तेल शांत होत होतं.

"मग उतरवा मला," तो म्हणाला. "ही बोटं ऐकणार नाहीत. ती माझी नाहीतच. त्यांना इथं उभं केलं की ती जाणारच. आण रे तुझं मशीन."

धाकट्याला हवं ते मिळालं होतं. पण त्याचं तोंड पडलं. "राहू दे रे दादा," तो पुटपुटला. "त्या मशीनचे बटाटे मी खाऊन बघितलेत. पुठ्ठा लागतो."

"भाऊजी!" थोरली भडकली. "दुपारपासून माझ्या बाजूनं बोलत होतात ना?"

"तेव्हा दादा रडत नव्हता, वहिनी."

"मी रडत नाहीये. वाफ आहे."

"चाखल्याशिवाय तळायचं कसं ते सांगा मग!" थोरली म्हणाली. "मीठ, रंग, कच्चं, पक्कं. चाखावं लागणारच. म्हणजे पुन्हा तेच."

"चाखून ठरवतो असं तुला वाटतं?" मुकादमबाई म्हणाल्या. "तू ताटली बघत होतीस. मी झारा बघत होते. फोड याच्या तोंडात जायच्या आधीच झारा वर आलेला असतो. दर वेळी. याचे कान ठरवतात. तेलाचा आवाज बदलला की हा उचलतो, मग बोटं नुसती उगाच जातात, पोरानं आईचा पदर ओढावा तशी. चाखायला गिऱ्हाईक आहे. ते पैसे देऊन चाखतं आणि आवडलं नाही तर तोंडावर सांगतं."

थोरल्यानं मान वर केली.

"आणि घरी?" त्यांनी मधलीकडे पाहिलं. "सगळंच बंद का? जन्मभर ते कोबीचं तोंड बघायचं यानं?"

"सगळं बंद कुणी सांगितलंय, आई? आधी भाजी खायची, अंडं खायचं, पोटाला आधार द्यायचा. मग शेवटी बटाटे, मूठभर. आपले रात्रभर गारठवलेले असतात, ते ताज्या उकडलेल्यांपेक्षा रक्तात जरा सावकाश उतरतात म्हणे. पण जरासंच हं दादा, त्या नावाखाली परात रिकामी करायची नाही. मग उठून बाजाराच्या टोकापर्यंत चालून यायचं. आणि मोजत राहायचं. गोळ्यांचं मात्र डॉक्टरच बघतील, आपण हात लावायचा नाही. मी सकाळीच नेते त्याला."

 शटरच्या फटीतलं ऊन आता मुकादमबाईंच्या पायांपर्यंत आलं होतं. त्यांनी तळहात उघडला, पाहिला आणि मिटला. वाफेपलीकडे सासू उभी असल्यासारखी वाटली, हात पुढे केलेला. मुकादमबाईंनी तिच्याकडे पाहून मान हलवली. नको म्हणून नव्हे. पुरे झालं म्हणून.

मग त्या उठल्या. दुकानातलं एकुलतं टेबल त्यांनी स्वतः ओढून कढईसमोर आणलं, एक खुर्ची लावली. थोरलीला वरून कोबी आणि अंडं आणायला सांगितलं. ती गेली आणि येताना दोन ताटं घेऊन आली, दुसरं स्वतःचं. धाकट्यानं स्वतःसाठी एक खोकं उलटं करून ठेवलं. पांढऱ्या ताटलीतल्या मूठभर फोडी मुकादमबाईंनी थोरल्याच्या ताटात काढल्या, अगदी कडेला, कोबीच्या पलीकडे. उरलेल्या त्यांनी मधलीकडे सरकवल्या.

थोरला उठून टेबलाशी आला. वास आला तशी डाव्या हाताची दोन बोटं आपोआप पुढे झाली. मुकादमबाईंनी त्यावर चापट मारली, जोरात, पाटी फोडली होती तेव्हासारखी.

"आधी बूड टेक," त्या म्हणाल्या.

तो बसला. सगळे बसले. फक्त त्या उभ्या होत्या, त्याच्या डोक्यावर हात ठेवून, आणि कढईत तेल गार होताना बारीक बारीक बोलत होतं.

"ऐक. कढई तुझीच आहे. कुणी घेत नाही ती. पण तुझ्या आजीचा कायदा मी आज मोडला. उद्या डॉक्टरांनी विचारलं की छातीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, मी बटाटे खातो. आजपासून तू चाखायचं नाहीस, बाबा. आजपासून तू खायचंस."